अंगठे बांधू नका

तुझ्या पायाचे अंगठे बांधायला लागले तेव्हा मी ओरडले, "थांबा, बांधू नका!"

ओटी माणसांनी भरली होती. तुझा दीर दोरा हातात धरून तसाच वाकलेला राहिला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग तुझ्या मुलाकडे. मागून कोणीतरी म्हणालं, "मावशीला आत न्या, पाणी पाजा." तुझी सून अश्विनी माझा दंड धरून हळूच म्हणाली, "मावशी, बांधायलाच लागतात. रीत आहे."

रीत मला माहीत नाही का? सासूचे, नवऱ्याचे, आपल्या आईबापाचे अंगठे माझ्यासमोर बांधले. पण त्या वेळी माझ्या डोक्यात एकच होतं, बांधले तर मग हलणार कसे? आल्यापासून मी तुझ्या उजव्या अंगठ्याकडे बघत उभी होते, सुमे. बाकीचे तुझ्या तोंडाकडे बघून रडत होते. मी तोंडाकडे पाहिलंच नाही.

दोरा बांधला. अंगठा हलला नाही.

"सख्खी बहीण, आणि डोळ्याला टिपूस नाय," भिंतीकडच्या बाया बोलल्या. मी म्हातारी आहे, बहिरी नाही. पण त्यांना काय सांगणार? अंगठ्याचं माहीत असलेली जगात दोनच माणसं होती. त्यातलं एक तिथं जमिनीवर निजवलं होतं.

म्हणून हे लिहायला बसले. मी चौथीपर्यंत शिकले, तू दुसरीत शाळा सोडलीस. तुला वाचता येत नव्हतं म्हणून मी एकेक ओळ मोठ्याने म्हणत लिहिते आहे. नातीला वाटतं आजी बरळते. वाटू दे.

आठवतं ना तुला, शेणव्याकडचं आपलं घर, पुढचं खळं? मी आठ वर्षांची होते, तू पाच. बाप मित्रांबरोबर म्हशाच्या जत्रेला गेला आणि आईला नेलं नाही. दोन दिवसांनी आला तो घोंगडी घेऊन, स्वतःसाठी. आईला बांगड्या नाहीत, काही नाही. आई खळ्यावर गेली, पेंढ्याशेजारी उताणी पडली आणि डोळे मिटून घेतले. हात दोन्हीकडे टाकलेले, तोंड थोडं उघडं.

आपण दोघी तिला हलवत होतो. "आये, आये गो, ऊठ." मान इकडची तिकडे पडायची. तू किंचाळून रडायला लागलीस. मी बापाकडे धावले. बाप ओटीवर नवी घोंगडी अंगावर घेऊन बसला होता. तो उठला नाही. म्हणाला, "तुझ्या आईला सांग, घोंगडी मी माझ्या पैशानं आणलीय."

मी परत आले. आई मेली आणि बापाला कळत नाही, असं मला वाटलं. तेव्हा खाली बघितलं तर आईच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर माशी बसली होती, आणि अंगठा हलला. माशी उडाली. पुन्हा बसली. पुन्हा हलला.

माझं रडणं तिथंच आटलं, सुमे. ते साठ वर्षं आटलेलंच राहिलं.

थोड्या वेळाने आईने एक डोळा उघडला. उठून बसली, केसातला पेंढा काढला आणि विचारलं, "कोण जास्त रडली?" तुझं तोंड नाकडोळ्यांच्या पाण्याने भरलेलं. तिने तुला मांडीवर घेतलं, घरात नेऊन गुळाचा खडा दिला. माझ्याकडे बघून म्हणाली, "हिला काळीज नाय. धोंडा आहे धोंडा." चार दिवस माझ्याशी बोलली नाही. मला वाढायची, पण ताट पायाने सरकवायची.

तो गुळाचा खडा तू खाल्ला नव्हतास. मुठीत घट्ट धरून गोठ्यामागे आलीस. मुठीत तो चिकट झाला होता, वर पेंढ्याची काडी चिकटलेली. दाताने तोडून अर्धा मला दिलास. "बाय, घे. मी तुझंपण रडली." पाच वर्षांची होतीस. एवढं शहाणं माणूस मला पुढे कोणी भेटलं नाही.

लोक म्हणतात आईबाप म्हणजे छाया. आपल्याला आईबाप नव्हते, घरात आपल्यापेक्षा मोठी दोन पोरं होती. ती एकमेकांवर रुसायची आणि आपण त्यांच्यामधून निरोप वाहायचो. तीही हाताच्या अंतरावर बसलेली असायची.

"मंजे, तुझ्या आईला सांग, आमटीत मीठ नाय."

"तुज्या बापाला सांग, मीठ त्याच्या बहिणीकडे आहे. सगळं तिकडंच जातं ना."

"तुझ्या आईला सांग, बहिणीचं नाव काढायचं नाय."

निरोप जसाच्या तसा दिला तर ज्याला दिला त्याची थप्पड. गोड करून दिला तर ज्याचा होता त्याची. तू एकदा मधेच म्हणालीस, "बाबा, आईनं ऐकलं. ती हितंच बसलीय." मला एवढं हसू आलं की ठसका लागला. मग दोघांनी मिळून आपल्याला मारलं. त्या दिवशी ती दोघं एकमेकांशी बोलली, हे मला चांगलं लक्षात आहे.

खळ्यावरचं ते एकदाच घडलं नाही. आईला त्याची चटक लागली. तिच्या भावाने लग्नाचं आधी सांगितलं नाही, आडवी. बाप कोणाशी हसून बोलला, आडवी. ओटीवर, चुलीपुढे, एकदा पाणवठ्याच्या वाटेवर. शाळेतून येताना तुझा हात माझ्या हातात गार पडायचा. दार दिसलं की तू विचारायचीस, "बाय, आज उभी असंल का?" आपल्याला वाघाचं भय नव्हतं, भुताचं नव्हतं. घरात शिरल्यावर आई उभी आहे की आडवी, एवढंच भय होतं.

मी तुला अंगठ्याचं सांगितलं. "रडू नको. अंगठा बघ. खोटं असतं तेव्हा तो हलतो." मला वाटलं आता तू सुटलीस. पण तू अंगठा बघायचीस, तो हललेला बघायचीस, आणि तरी रडायचीस. मला राग यायचा. ढोंगी म्हणायचे मी तुला. गुळासाठी रडते म्हणायचे, अर्धा गूळ खाऊन.

मग एक दिवस मी तुझं तोंड दाबून धरलं. आई ओटीवर पडली होती. मी म्हटलं, आज कोणी रडायचं नाही, बघू काय करते. तू धडपडत होतीस, माझा तळवा ओला झाला होता. आई बराच वेळ पडून राहिली. मग उठली. आपल्याकडे बघितलं नाही. पदर खोचून सरळ विहिरीकडे निघाली.

तेव्हा विहिरीला कठडा नव्हता. आई काठावर बसली, पाय आत सोडले आणि मान वळवून मागे बघत राहिली, कोण येतं ते. तू माझा हात चावून सुटलीस आणि धावलीस. जाऊन तिच्या कमरेला मिठी मारलीस आणि गळा काढलास. तुझ्या झोंबण्याने ती पुढे झुकली. तिच्या हाताखालचे दोन दगड आत पडलेले मी ऐकले. मी कुंपणापाशी होते. वीस पावलं असतील. माझा पाय उचलला नाही. ओरडायलाही आलं नाही. सहा वर्षांची पोर तिला मागे ओढत होती, आणि नऊ वर्षांची मी बघत होते.

बाप मागून आला. मला म्हणाला, "तुझ्या आईला सांग, पाणी खराब होईल."

आई हसली. खरंच हसली. उठून घरी आली आणि दोघांनी मिळून तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट खाल्ली, जणू खेळ संपला. तू जेवली नाहीस. तुला ताप भरला.

त्यानंतर मी तुझं तोंड कधी दाबलं नाही. पण रडलेही नाही.

आपली लग्नं झाली. मी मुरबाडकडे आले, तू खर्डीला गेलीस. सासरी मला सगळ्या म्हणायच्या, ही बाई दिवसा कधी आडवी होत नाही, बाळंतपणातसुद्धा बसून राहायची. कामाची आहे म्हणून कौतुक करायच्या. तुझ्याकडे आले तर तुझी सासूही तेच सांगत होती, "आमची सुमन दिवसाची पाठ टेकत नाय." तेव्हा आपण एकमेकींकडे बघितलं आणि तू चुलीत फुंकर घालायला वाकलीस. पोरांनी आपल्याला आडवं बघू नये, एवढंच होतं ते. माझ्या मुलाला आईचं दुखणं कधी माहीतच नाही. पायात काटा मोडला तरी मी सांगितलं नाही. दुखतं म्हणायचं म्हणजे आईसारखं व्हायचं. तूही तेच केलंस.

आई खरोखर गेली त्या दिवशीचं मी कोणाला सांगितलेलं नाही. तू खर्डीहून आलीस, गर्दीतून माझ्याजवळ येऊन उभी राहिलीस आणि कानात म्हणालीस, "बाय, अंगठा बघितलास?" मी म्हटलं, "बघितला. हलत नाय." तू म्हणालीस, "नीट बघ." आपण दोघी म्हाताऱ्या व्हायला आलेल्या बाया आईच्या पायाशी उभ्या राहून माशीची वाट बघत होतो. मग तू रडलीस. पहिल्यांदा तुला कोणी गूळ देणार नव्हतं, तरी रडलीस. आणि तिसऱ्या दिवशी बाप माझ्याकडे बघून म्हणाला, "तुझ्या आईला सांग, मी जेवणार नाय." मी ताट त्याच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, "ती म्हणते जेवा." जेवला.

आता शहापूरचं.

गणपती झाल्यावर तू मला बोलावलंस. बाजारात भेटू, चहा पिऊ. मला त्याआधी थोडे दिवस डाव्या हातात कळ यायला लागली होती. चढावर श्वास पुरायचा नाही. मी कोणाला बोलले नव्हते. एस्टी स्टँडवर तू उभी होतीस, कापडाची पिशवी घेऊन. बाजाराकडे चालताना तू मधेच थांबलीस.

"थांब गो बाय, चप्पल निसटली."

मी थांबले. मला बरंच वाटलं, माझाही दम लागला होता. मी म्हटलं, "पिशवीचा बंद सुटला वाटतं," आणि पिशवी खाली ठेवून बंद सोडून पुन्हा बांधला. तू वाकून चपलेशी काहीतरी करत होतीस. थोडं चाललो. पुन्हा तुझी चप्पल. पुन्हा माझी पिशवी. तिसऱ्यांदा तू म्हणालीस, "ही चप्पल आता टाकायलाच झाली." मी म्हटलं, "नवी घे." तू म्हणालीस, "घेईन दिवाळीला."

तुझ्या चपलेला काही झालेलं नव्हतं, सुमे. तुझ्या दारात ती मी उचलून बघितली. पट्टा शाबूत आहे.

चहाला बसलो. तू बशीत ओतलेला चहा तसाच ठेवून म्हणालीस, "बाय, एक बोलू? तू रडली असतीस ना, तर मला एवढं लागलं नसतं. दोघींचं रडणं मला एकटीला रडायला लागायचं."

साठ वर्षांनी काढलंस. मला झोंबलं. मी म्हटलं, "तुला कोणी सांगितलं होतं रडायला?"

"कोणी नाय सांगितलं. पण कोणीतरी रडायला पायजे होतं ना. नायतर ती उठलीच नसती."

"उठली असती. भूक लागल्यावर उठली असती."

"आणि विहीर?"

मी पिशवीचा बंद सोडून पुन्हा बांधला. तू एवढंच म्हणालीस, "तुझा दोष नाय काढत. नुसतं सांगितलं." आणि हसून बशी तोंडाला लावलीस. "चहा गार झाला गो." मग माझी गाडी लागली. खिडकीतून बघितलं तर तू चप्पल नीट करत होतीस.

मला उत्तर द्यायचं होतं. गाडी किन्हवलीच्या पुढे गेल्यावर सुचलं. दिवाळीला सांगू म्हटलं.

कापणीच्या दिवसांत तू गेलीस. अश्विनीने मला सगळं सांगितलं, रडत रडत. मुलगा शेतावर होता. ती दुपारी भाकऱ्या घ्यायला घरी आली तर तू ओटीवर आडवी झालेली. "मावशी, मी म्हटलं, आत्या कधी नाय ते झोपल्यात. झोपू दे. अंगावर चादर घातली आणि आवाज न करता गेले." संध्याकाळी परत आली तेव्हा चादर तशीच होती.

त्या पोरीचा काही दोष नाही. सासू दुपारी घटकाभर पडली तर कोणती सून घाबरेल? मी घाबरले असते. भर दिवसा तू आडवी दिसलीस तर या जगात फक्त मी धावले असते. आणि मी मुरबाडकडे, माझ्या पडवीत बसून वाल सोलत होते.

पुन्हा वीस पावलं. पुन्हा मी कुंपणापाशी.

दहाव्याला कावळा लगेच शिवला. "सुमनचं काय मागं राहिलं नाय," सगळे समाधानाने म्हणाले. राहिलं होतं. माझं उत्तर राहिलं होतं. कावळ्याला काय कळतं.

घरी आल्यापासून मला भीती वाटते. मी ते लपवणार नाही, तुझ्यापुढे काय लपवायचं? नात दुपारी पुस्तक तोंडावर घेऊन झोपली की मी तिच्या पायाशी जाऊन उभी राहते. मुलगा सुट्टीच्या दिवशी उशिरापर्यंत उठला नाही तर त्याचा अंगठा चिमटीत धरते. तो दचकून उठतो. "काय गो आये!" मी म्हणते, "मच्छर होता." आणि माझ्या हातातली कळ वाढली. आता ती जबड्यापर्यंत येते. पाण्याची कळशी उचलली की डोळ्यांपुढे काळं होतं. वाटायचं, सांगावं. मग आईचं तोंड दिसायचं, एक डोळा उघडलेला. कोण जास्त रडली?

सांगितलं तर सून काय म्हणेल? बहीण मेली म्हणून हिलापण दुखायला लागलं, नाटक आहे. मी तुला सांगते, मरणापेक्षा मला त्या शब्दाची भीती वाटत होती. तुला त्याचीच वाटली असणार. तुझ्या सुनेने मला विचारलं, "मावशी, त्यांना दुखत असणार ना? मग बोलल्या का नाय?" मी तिला म्हटलं, "सवय नव्हती." याहून जास्त सांगून त्या पोरीला समजलं नसतं.

तेराव्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी सून वनिता तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर जाऊन बसले. सत्तरीची बाई, पण शाळेतून येताना दार दिसलं की वाटायचं तसंच वाटत होतं.

"वनिता, माझा हात दुखतो."

"कोणता, आई?"

"डावा. छातीपासून येतं."

तिचे हात सुपात थांबले. "कधीपासून?"

"गणपतीपासून."

"गणपतीपासून?" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की कोंबड्या उडाल्या. "आणि आज सांगता? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

मी वाट बघत होते. आता म्हणेल, नाटक. पण ती सूप तसंच टाकून उठली, दारातून नवऱ्याला हाका मारायला लागली. "अवो, गाडी काढा. आईंना मुरबाडला न्यायचंय, आत्ताच." मग परत येऊन माझ्याजवळ खाली बसली आणि माझा डावा हात आपल्या मांडीवर घेतला. तांदळाची पूड लागलेले हात. एवढंच होतं, सुमे. एवढं सोपं होतं. आपल्याला कोणी शिकवलं नाही.

दवाखान्यात मला उंच खाटेवर उताणी निजवलं. भर दिवसा, सगळ्यांसमोर. छातीला थंडगार गोळे चिकटवले, हातापायांना चिमटे लावले. डॉक्टरीणबाई तरुण होती, नातीपेक्षा थोडी मोठी. म्हणाली, "आजी, डोळे मिटा आणि अजिबात हलू नका."

मी डोळे मिटले. हात दोन्हीकडे टाकलेले. मशीन किरकिरत होतं. मला पेंढ्याचा वास आला. घामाने पाठ भिजली. वाटलं, वनिता दारात उभी आहे, ती मला अशी बघते आहे. तिला कळायला पाहिजे. मी उजव्या पायाचा अंगठा हलवला.

"आजी, पाय हलवू नका."

मी पुन्हा हलवला.

"आजी!"

"हलू द्या बाई," मी म्हटलं. "तो हलला पायजे."

आणि मग मी रडले. आवाज काढून, तोंड वाकडं करून, तू रडायचीस तसं. मशीन थांबवावं लागलं. वनिता आत आली, तिला वाटलं दुखतंय म्हणून. दुखत होतंच. हे तुझं उत्तर समज. उशिरा दिलं. अर्धं तुझं होतं, ते मी एकटीने रडले.

गोळ्या दिल्यात. पुढे ठाण्याला न्यायचं म्हणतात, नळीतून आत बघतात म्हणे. भीती वाटते. पण आता ती मी वनिताला सांगते, आणि दुपारी जेवण झालं की ओटीवर घटकाभर आडवी होते. ती जाता-येता माझ्या पायांकडे बघते. तिला मी अंगठ्याचं सांगितलंय.

आई गेली, बाप गेला. खळ्यावर पेंढ्याजवळ दोन पोरी उभ्या होत्या. सुमन गेली. मंजुळा आहे.